रस्ता खणण्यापूर्वी



या व्यासपीठावर आजवर इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, साहित्य अशा विषयांवर मोठमोठ्या विद्वानांनी व्याख्याने दिली आहेत. त्यांच्या रांगेत उभे राहण्याचा माझा अधिकार नाही, हे मी जाणून आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते रात्रशाळेत, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाहेरच्या बाकावर झाले. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "रस्ता खणण्याचा परवाना." ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "श्रोते येतील ना हो?" आपण आला आहात. त्याबद्दल प्रथम आपले आभार मानतो.

विषय कोरडा आहे खरा, पण वेळ साधलेली आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून व्याख्यानांचा हंगाम म्हणजे एप्रिल-मे असे ठरून गेले. रस्ते खणण्याचा हंगामही हाच. पाऊस लागण्यापूर्वी खणून मोकळे व्हायचे, म्हणून पाण्याची नळी, ड्रेनेज, विजेची केबल, गॅसची नळी, टेलिफोनची तार या सगळ्यांची एकच झुंबड उडते. आज येथे येताना आपल्यापैकी बहुतेकांनी एक तरी चर ओलांडला असेल आणि मनातल्या मनात कोणाला तरी दोन शब्द ऐकविले असतील. ते शब्द नेमके कोणाला ऐकवावेत, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

माझे आईवडील १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून बाहेर पडले. दुष्काळी कामावर खडी फोडीत फोडीत ते शहरात आले व मजूर अड्ड्यावर उभे राहू लागले. मीही पंधराव्या वर्षी त्याच अड्ड्यावर उभा राहिलो. कुदळ, पहार, फावडे आणि घमेले ही माझी पहिली ओळख. मला लिहिता-वाचता येत होते म्हणून विसाव्या-बाविसाव्या वर्षी मुकादमाने मला हाजरी लिहिण्यास घेतले. तेथून पुढे जे घडले ते सांगितल्यावाचून या विषयात माझा जीव का गुंतला ते आपणांस कळणार नाही.

साल १९९४. एका नव्या इमारतीचे काम पुरे होत आले होते. बिल्डरला दोन गोष्टी तातडीने हव्या होत्या. एक, इमारतीचे ड्रेनेज रस्त्यातल्या चेंबरला जोडावयाचे. दुसरी, फाटकापुढचा फुटपाथ फोडून मोटारी आत जाण्यास उतार करावयाचा. दोन्हींना महापालिकेचा परवाना लागतो. परवान्याला अर्ज, नकाशा, पैसे भरणे, पाहणी, म्हणजे चार-सहा आठवडे जाणार. ठेकेदाराने तोड काढली. शनिवारी रात्री सुरू करायचे, रविवारी कचेरी बंद, सोमवारी उजाडण्यापूर्वी माती लोटून वर डांबराचा हात फिरवायचा. मुकादमाने मला विचारले, "रात्रीची दुप्पट मजुरी आहे. माणसं आणतोस का?" मी सहा माणसे आणली. त्यांतला एक माझ्याच गावाकडचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. परवाना आहे की नाही, हे मी विचारले नाही. खरे सांगावयाचे तर तो नाही हे मला माहीत होते आणि दुप्पट मजुरी त्यामुळेच आहे हेही कळत होते.

जमीन काळ्या मातीची. काळी माती उन्हाने आकसते, तिला भेगा पडतात. ओल लागली की ती फुगते व सुटते. चर सात फूट खोल गेला. जागा अपुरी म्हणून उपसलेली माती चराच्या अगदी काठाला रचली होती. बाजूला फळी नाही, आडवा वासा नाही, उतरावयास शिडी नाही. चराजवळ पाण्याची जुनी नळी झिरपत होती, ती कोणाला ठाऊक नव्हती. पहाटे तीनच्या सुमारास एक बाजू काठावरच्या मातीसकट खाली बसली. पाच जण निसटले. माझा गाववाला छातीपर्यंत गाडला गेला. आपणांस वाटेल, डोके तर वर होते. परंतु ओल्या मातीचे ओझे छातीवर आले की माणसाला श्वास आत घेता येत नाही. आम्ही हातांनी माती काढीत होतो. तो मोकळा झाला तेव्हा उशीर झाला होता.

यानंतरचा भाग अधिक लक्षपूर्वक ऐकावा. बिल्डर म्हणाला, "काम ठेकेदाराचे." ठेकेदार म्हणाला, "मी मुकादमाला दिवसाचे काम सांगितले होते, रात्रीचे नव्हे." मुकादम गावाला निघून गेला. महापालिकेच्या कचेरीत गेलो तर तेथील कारकुनाने वही उघडून दाखविली. त्या रस्त्यावर त्या आठवड्यात कोणतीही खोदाई नोंदलेली नव्हती. कागदावर तो खड्डाच नव्हता. जो खड्डा नाही त्यात माणूस मेला कसा? त्याची बायको दोन मुले घेऊन माझ्या खोलीवर आली. तिने पैशाचा शब्द काढला नाही. ती म्हणाली, "भाऊ, माणूस गेलं ते गेलं. पण ते कामावर गेलं होतं, चोरी करायला गेलं नव्हतं, एवढं तरी कुठं लिहून घ्या."

ते लिहून घेण्यास मला चार वर्षे लागली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. त्यात एक चांगले कलम होते. एखाद्या धंदेवाल्याने आपल्या धंद्याचे काम ठेकेदाराकडून करविले, तर ठेकेदाराच्या मजुराला भरपाई देण्याची जबाबदारी मूळ काम देणाऱ्यावरही येते. आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, पण हे तत्त्व तेथेही राखलेले आहे. मात्र या कलमाला एक अट असे. अपघात मालकाच्या कामाच्या जागेत, त्या जागेलगत किंवा त्याच्या ताब्यातल्या ठिकाणी घडलेला असला पाहिजे. बिल्डरच्या वकिलाने नेमके तेच धरले. त्यांचे म्हणणे, रस्ता महापालिकेचा आहे, आमच्या अशिलाचा नाही. त्याच्या नावाने परवाना निघालेला असता तर तो रस्त्याचा तुकडा तेवढ्या दिवसांपुरता त्याच्या हवाली झाला, असे एका कागदाने सिद्ध झाले असते. तो एक कागद नसल्यामुळे चार वर्षे गेली. शेवटी इमारतीच्या पहारेकऱ्याची वही कामी आली. त्या म्हाताऱ्याने शनिवारच्या पानावर लिहिले होते : "रात्री नऊ, ड्रेनेजचे लोक सात, आत सोडले." सहा मजूर आणि सातवा मी. त्या ओळीवर आमचा दावा उभा राहिला.

त्या चार वर्षांत मी कायदा वाचावयास शिकलो आणि मजुरांची संघटना बांधण्याच्या कामाला लागलो. आता कायदा काय म्हणतो ते सांगतो.

मुंबईस १८८८ चा महापालिका कायदा लागू आहे. पुण्यासारख्या इतर शहरांना १९४९ चा, ज्याला पूर्वी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम म्हणत व आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. लहान गावांच्या नगरपरिषदांसाठी १९६५ चा कायदा आहे. शहरांच्या या दोन्ही कायद्यांत मुद्दा एकच आहे. आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून कोणीही सार्वजनिक रस्ता उकरू नये, त्याची फरसबंदी हलवू नये, त्यावर बांधकामाचे साहित्य टाकू नये. परवानगी मिळालेल्याने आपल्या खर्चाने भोवती कुंपण घालावे, रात्री पुरेसा उजेड ठेवावा. काम होताच खड्डा भरावा व रस्ता होता तसा करून द्यावा. त्याने तसे केले नाही तर आयुक्तांनी ते करून घ्यावे व खर्च त्याच्याकडून वसूल करावा. आज आपण ज्या गोष्टींबद्दल चडफडतो त्या सगळ्यांची सोय मुंबईपुरती तरी १८८८ सालीच करून ठेवलेली आहे. कंदिलाची जागा विजेच्या दिव्याने घेतली, इतकाच काय तो फरक.

आता परवाना मिळवावयाचा कसा? घराला नळजोड किंवा ड्रेनेज घ्यावयाचे असेल तर अर्ज साधारणपणे परवानाधारक प्लंबरमार्फत जातो. रस्त्याच्या खोदाईचा निर्णय रस्ते खात्याचा. पुण्यात त्याला पथ विभाग म्हणतात. अर्जासोबत जागेचा नकाशा लागतो. चर कोठून कोठे जाणार, लांबी किती, रुंदी किती, खोली किती, रस्ता डांबरी की काँक्रीटचा, फुटपाथ किती फुटणार, हे सारे त्यात यावे लागते. खात्याचा अभियंता जागा पाहतो, मोजमाप घेतो आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च काढतो. तो खर्च व अनामत रक्कम भरली की पावती मिळते. वाहतूक अडणार असेल तर वाहतूक पोलिसांची संमती लागते. झाडाच्या मुळांना धक्का लागणार असेल तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखालचा अधिकारी आड येतो, आणि त्याने यावेच. परवान्यावर काम कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत, याची मुदत असते. पावसाळ्यात तातडीच्या दुरुस्तीखेरीज खोदाई बंद असते. म्हणून ज्यांना काम करावयाचे असेल त्यांनी अर्ज दिवाळीनंतर लगेच करावा. एप्रिलमध्ये केलेला अर्ज आणि मेमध्ये केलेली आदळआपट यांतून काहीच निष्पन्न होत नाही.

हा नकाशा कशासाठी, असे लोक विचारतात. त्याचे उत्तर रस्त्याच्या पोटात आहे. आपल्या शहराच्या पोटात एका जागी पाण्याची नळी, खाली ड्रेनेज, बाजूला पावसाच्या पाण्याचे गटार, विजेची केबल, टेलिफोनची तार, गॅसची पिवळी नळी, असे थर बसलेले आहेत. पुण्यात तर नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत जमिनीखालून नळ आणला गेला. त्याचे उच्छ्वास जुन्या पेठांतील लोकांनी पाहिले असतील. पहार मारणाऱ्या मजुराला यातले काही दिसत नाही. त्याला दिसते ती माती. केबलला पहार लागली तर ठिणगी त्याच्या हातावर येते आणि गॅसची नळी फुटली तर पहिला श्वास त्याचा अडतो. २०२३ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' नावाची मोबाइलवरची सोय सुरू केली. खणणाऱ्याने आधी कळवावे व ज्याची केबल वा नळी खाली असेल त्याने सावध करावे, असा तिचा हेतू आहे. अशा आंधळ्या खोदाईने देशाचे वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असा अंदाज त्या वेळी सरकारनेच सांगितला. त्या अंदाजात तारा आणि नळ्या मोजल्या आहेत. भाजलेले हात त्यात नाहीत.

चराविषयी दोन शब्द. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या ठेक्यांना एक सुरक्षा संहिता जोडलेली असते. तिचे नियम इतके सोपे आहेत की ते प्रत्येक नागरिकाला पाठ असावेत. चार फुटांहून खोल चरात शिडी हवी, दर तीस मीटरला एक, आणि ती काठाच्या वर तीन फूट आलेली हवी. पाच फूट वा त्याहून खोल चराच्या बाजू उतरत्या कापाव्यात, नाहीतर फळ्या व आडवे वासे ठोकून त्यांना आधार द्यावा. उपसलेली माती काठापासून दीड मीटर, किंवा चराच्या खोलीच्या निम्म्या अंतरावर, यांतले जे जास्त असेल तितकी दूर टाकावी. बाजूला खालून पोखरू नये. आमच्या १९९४ च्या चरात या चारांपैकी पहिल्या तीन गोष्टींतली एकही नव्हती. चौथी होती की नाही, हे अंधारात कोणी पाहिलेच नाही.

चर भरण्याचीही एक रीत आहे. सगळी माती एकदम लोटली तर ती वर दिसते भरलेली, आत असते पोकळ. पहिल्या पावसात ती बसते आणि रस्त्यात वीतभर खोल पट्टा पडतो. वीतभर मातीचा थर, त्यावर पाणी, त्यावर धुम्मस, मग दुसरा थर, असे केले तर रस्ता टिकतो. रात्रीत उरकणाऱ्या चोरट्या खोदाईला इतका वेळ कोठला? म्हणजे एका बिनपरवाना चराने रात्री आत उतरलेल्याचा जीव धोक्यात येतो आणि पावसाळ्यात दुचाकीवरून जाणाऱ्याचा. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आदेश दिला की, खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांस ६ लाख रुपये आणि जखमी झालेल्यास ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी. ही फार मोठी गोष्ट झाली. परंतु भरपाई मागणाऱ्याला आधी खड्डा कोणाचा ते दाखवावे लागते, आणि येथेही पुन्हा त्या परवान्याच्या वहीशीच येऊन आपण थांबतो.

आता फाटकापुढच्या उताराकडे वळतो. हा विषय आपल्या घरचा आहे, म्हणून कोणी मनावर घेऊ नये. आपल्याकडे मोटार आली की पहिली गोष्ट आपण करतो ती म्हणजे फाटकापुढचा फुटपाथ फोडतो किंवा रस्त्यावर सिमेंटचा उंचवटा ओततो. त्याला आपण रॅम्प म्हणतो. पुष्कळांची प्रामाणिक समजूत अशी की, दारापुढचा फुटपाथ आपलाच. तो आपला नाही. घराच्या कुंपणापाशी आपली मालकी संपते. तेथून पुढे जो कडेचा दगड कापावयाचा तो सगळ्यांचा आहे. म्हणून तो कापण्याची परवानगी ही शहराने एका घराला दिलेली सवलत ठरते. त्या दारापुढे मग दुसऱ्याला वाहन लावता येत नाही, फेरीवाल्याला उभे राहता येत नाही. इतके घेतल्यावर मागावयाची पद्धत तरी पाळावी की नाही?

भारतीय रस्ते परिषदेने २०१२ साली पादचाऱ्यांच्या सोयींविषयी मार्गदर्शक नियम सुधारून प्रसिद्ध केले. त्यात फुटपाथचा कडेचा दगड रस्त्यापासून १५ सेंटिमीटरहून उंच नसावा आणि चालावयास निदान १ मीटर ८० सेंटिमीटर मोकळी रुंदी असावी असे सांगितले आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बारास एक. म्हणजे १५ सेंटिमीटर चढावयाचे तर १ मीटर ८० सेंटिमीटर लांबी हवी. फाटकापुढे फुटपाथ आपल्या पातळीवर सलग चालू राहावा आणि मोटारीने त्यावर चढून आत जावे, अशी त्यातली शिफारस आहे. आपण उलटे करतो. मोटार न हेलकावता आत जावी म्हणून फुटपाथच रस्त्याच्या पातळीला आणतो. एका गल्लीत दहा फाटके असतील तर म्हाताऱ्या माणसाने दहा वेळा उतरावयाचे आणि दहा वेळा चढावयाचे. तिसऱ्या फाटकाशी तो फुटपाथ सोडून रस्त्यावरून चालू लागतो, आणि मग आपण म्हणतो, लोकांना शिस्त नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्याची खरी कसोटी आपल्या फाटकापुढे लागते.

रस्त्यावर ओतलेल्या उंचवट्याची गोष्ट याहून वाईट. रस्त्याच्या कडेने पावसाचे पाणी वाहून जाळीत उतरावयाचे असते. प्रत्येक फाटकापुढे एक बांध घातला की पाणी थांबते व शेवटी सखल भागातल्या कोणाच्या तरी घरात शिरते. तेथे कामाला आमचे लोक जातात. तुंबलेले चेंबर उघडून आत उतरावयास त्यांनाच सांगितले जाते. हाताने मैला साफ करण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारात मेलेल्याच्या कुटुंबास १० लाख रुपये द्यावेत असे सांगितले व २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. इतके होऊनही माणसे आत उतरतातच. फाटकापुढचा बांध आणि चेंबरमधला माणूस यांच्यामध्ये अंतर फार नाही, इतकेच मला सुचवावयाचे आहे.

आता एक आक्षेप. तो मी रोज ऐकतो. लोक म्हणतात, "तुम्ही सांगता ते ठीक आहे. पण परवान्याला गेले की हेलपाटे, आणि हेलपाटे चुकवायचे तर चिरीमिरी. सरळ माणसाने करायचे काय?" हा आक्षेप खोटा आहे असे मी म्हणणार नाही. मी स्वतः त्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविल्या आहेत. हे दुखणे जुने आहे. महात्मा फुले स्वतः सार्वजनिक बांधकामांची कंत्राटे घेत आणि १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. इंजिनिअर खात्यात मजुराच्या हाजरीपासून पैसा कसा झिरपतो, हे त्यांनी आतून पाहिले होते व लिहून ठेवले. परंतु त्यांनी त्यावरून खाते नको, वही नको, असा निष्कर्ष काढला नाही. वही खरी लिहिली जावी, असा त्यांचा आग्रह होता.

आपण हिशेब असा करतो की परवाना टाळला तर पैसे वाचले. ते वाचत नाहीत, ते दुसऱ्याच्या खात्यावर पडतात. रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च सगळ्या करदात्यांवर जातो. धोका मजुरावर जातो. चिरीमिरी तर बिनपरवाना कामालाही लागतेच, फक्त तिची पावती मागण्याची सोय राहत नाही. उलट अर्ज रीतसर केला असेल तर हातात काहीतरी असते. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येते. २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांच्या अर्जावर कोणत्याही खोदाईच्या परवान्याची प्रत मागता येते. पोचपावतीवाचून अर्ज देऊ नये आणि तोंडी नकार ऐकून परत येऊ नये, एवढा नियम पाळला तरी निम्मे हेलपाटे वाचतात, असा माझा अनुभव आहे.

आणि महापालिका? तिच्याबद्दल मी गप्प राहिलो तर आपण म्हणाल, हा कचेरीचा वकील दिसतो. महापालिकेचे एक खाते रस्ता करते आणि महिना उलटण्यापूर्वी दुसरे तो खणते. नागरिकाकडून कुंपण व दिवा मागणारी कचेरी स्वतःच्या चराला एक दोरी बांधून मोकळी होते. ही शरमेची गोष्ट आहे. खात्यांनी वर्षाचा खोदाईचा आराखडा एकत्र बसून करावा व तो आधी प्रसिद्ध करावा, ही मागणी नागरिकांनी आणि कामगारांनी मिळून केली पाहिजे.

कामगार संघटनांचाही दोष सांगतो, कारण तो माझा आहे. आम्ही कायम कामगारांच्या महागाईभत्त्यासाठी मोर्चे काढले. अड्ड्यावरच्या मजुराकडे बरीच वर्षे पाहिले नाही, कारण तो वर्गणी देत नव्हता आणि आज या गावी, उद्या त्या गावी असे. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला, कल्याणकारी मंडळे झाली. पण नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागे, आणि रोज नवा ठेकेदार असणाऱ्याने तो आणावा कोठून? माझी बरेच दिवसांची सूचना अशी आहे की, खोदाईच्या परवान्यासोबत चरात उतरणाऱ्यांची नावे लिहिलेला एक कागद जोडावा. खर्च काही नाही. त्या कागदाने मजुराला कामाचा दाखला मिळेल, आणि काही वाईट घडलेच तर कोणाच्या बायकोला चार वर्षे पहारेकऱ्याची वही शोधीत हिंडावे लागणार नाही.

आपणांस माझी विनंती फार मोठी नाही. उद्या सकाळी आपल्या गल्लीत चर दिसला तर चडफडत पुढे जाऊ नका, दोन मिनिटे थांबा. फलक आहे का पाहा. त्यावर काम कोणाचे, ठेकेदार कोण, परवान्याचा क्रमांक व मुदत काय, हे लिहिलेले आहे का? कुंपण व रात्रीचा दिवा आहे का? चर आपल्या खांद्यापर्यंत खोल असेल तर आत फळ्या आणि शिडी आहे का? माती काठापासून दूर आहे का? यांतले काही नसेल तर मजुराला दटावू नका. त्याच्या हातात काहीच नाही. महापालिकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. आणि आपल्या स्वतःच्या फाटकापुढे काम निघाले तर ठेकेदाराला पहिला प्रश्न दराचा विचारू नका, "परवाना दाखवा" असे म्हणा. "रात्रीत उरकून देतो साहेब," असे तो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

त्या बाईच्या दोन मुलांपैकी थोरला आज प्लंबर आहे, परवानाधारक. मागच्या महिन्यात एका घराचा नळजोड त्याने तीन आठवडे अडवून धरला, कारण खोदाईचा परवाना हाती आला नव्हता. घरमालक चिडून माझ्याकडे तक्रार घेऊन आले. मी त्यांना बसविले, पाणी दिले आणि १९९४ सालची ही हकीकत सांगितली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं, आणखी आठवडाभर टँकर मागवतो."